मांडीतला खिळा शनिवारी घरी आला

म्हातारं माणूस पडलं, त्याला उठता येईना आणि त्याचं पाऊल बाहेरच्या अंगाला कललं, की आमच्या पिंपळीत लोक आवाज बारीक करून बोलायला लागतात. तो बारीक आवाज मी दोनदा ऐकला. एकदा बायकोच्या वेळी आणि एकदा माझ्या स्वतःच्या. ती गेली. मी हे लिहीत बसलोय. मधल्या काळात काय बदललं ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरात कुणी असं पडलं तर तुम्ही तरी मोठ्यानं बोलाल आणि गाडी जुंपाल.

माझी शाळा चौथीत संपली. शुद्धलेखन सुनेनं बघितलंय, बोलणं माझंच राहू दे म्हणून तिला सांगितलंय. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, गुळातलं कळतं. उसाचा रस काहिलीत उकळत असताना तो कधी शिजला आणि काहील कधी उतरवायची, हे सांगणाऱ्याला गुळव्या म्हणतात. सगळा जन्म मी ते काम केलं.

ती

नामदेवची आई, म्हणजे माझी बायको, परड्यात पडली, शेणाची पाटी डोक्यावर असताना. हाडवैद्यानं मांडीला बांबूच्या कामट्या बांधल्या. दारातून आत आलं की उजव्या हाताला जो कोपरा आहे, तिथं तिची बाज टाकली. त्या बाजेवरून ती उठली नाही. पाठीला जखमा पडल्या. माझी थोरली बहीण, आक्का, लहानपणी विधवा होऊन आमच्याकडंच राहिलेली, तिनं तिचं सगळं केलं. हागणंमुतणं केलं, जखमा धुतल्या. नणंद-भावजयीचं जन्मभर कधी पटलं नव्हतं, त्या बाजेपाशी पटलं.

शेवटी शेवटी ती एवढंच म्हणायची, "मला उंबऱ्यावर न्हेऊन बसवा. रस्ता बघते जरा."

आक्का म्हणायची, "उंबऱ्यावर बसू न्हाय बाई. बरी झालीस की वट्यावर बस."

एकदा उचलून न्यायला गेलो तर तिला अशी कळ आली की पुन्हा तिनं मागितलं नाही. उंबऱ्यावरून ती गेली ती तिरडीवर.

त्यानंतर मी मनाशी धरून ठेवलं. मरण यायचं तेव्हा येऊ दे, पण त्या कोपऱ्यात मला पडायचं नाही.

मळीवर

रस उकळला की वर मळी येते. ती झाऱ्यानं काढून बाजूला टाकतात. तिच्यावर पाय देऊ नका, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ओरडत आलो आणि तिच्यावरच माझा पाय पडला. पडल्यावर आधी मला हसू आलं. मग उठायला गेलो आणि उठलो नाही. खाली बघितलं तर उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला आडवं झालेलं. नामदेवच्या आईचं झालं होतं तसंच, अगदी तसंच.

समोर चुलवाण पेटलेलं होतं आणि मला थंडी वाजायला लागली.

माणसं भोवती जमली आणि त्यांचा आवाज बारीक झाला. मी म्हणालो, "मला काय बघताय, काहील उतरवा. रस झालाय." त्यांनी उतरवली. तो गूळ चांगला निघाला असं नंतर कळलं, मला बरं वाटलं.

हाडवैद्याला बोलावलं. हा इंदापूरच्या अंगाचा, त्यानंच नामदेवच्या आईला कामट्या बांधल्या होत्या. त्यानं पाय बघितला, खुब्याला हात लावला आणि हात मागं घेतला.

"आबा, ह्यो माझा घास न्हाय."

"मग तवा कसा बांधलास?"

"तवा दुसरं काय ठावंच न्हवतं. आमच्या इंदापुरात एक म्हातारा हाय, तुमच्यागतच पडला व्हता. पुण्याला त्याच्या हाडात खिळा ठोकला. काठी टेकत बाजाराला येतोय, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तुमी पुणं गाठा."

आपल्या धंद्याला जे जमत नाही ते तोंडानं कबूल करणारा माणूस मी मानतो. त्यानं त्या दिवशी काही घेतलं नाही. पाय हलू नये म्हणून दोन्ही पाय एकमेकांना धोतरानं बांधून दिले आणि गेला.

बैलगाडीनं बारामती, तिथून छोट्या गाडीनं दौंड, दौंडहून मोठ्या गाडीनं पुणं. रुळाचा एकेक सांधा मला मांडीत मोजता आला असता. नामदेव, माझा मुलगा, सगळ्या वाटेनं माझं पाऊल दोन्ही हातांत धरून बसला होता.

ताकाची परीक्षा

पुण्याच्या डॉक्टरनं हाडाचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. उसाचं कांडं पेऱ्याशी पिचकावं तसं माझं हाड खुब्यापाशी पिचकलेलं दिसलं. मला शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून मी विचारलं, "उठंन का न्हाय तेवढं सांगा."

"असंच ठेवलं तर नाही उठणार, आबा. आत खिळा घातला तर बहुतेक उठाल."

"खिळा गंजंल की."

"हा गंजत नाही."

"लोखंड हाय न्हवं? लोखंड गंजतंय. आमच्या काहिलीत रस जास्ती वेळ राहिला तर रस काळा पडतो. अंगात तर सदाच वलं."

डॉक्टर तरुण होता पण गडबडीचा नव्हता. खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "आहे लोखंडच. पण त्यात क्रोमियम आणि निकेल असे दुसरे धातू मिसळलेत. त्यानं त्याच्यावर एक पातळ कवच धरतं, आपल्या डोळ्यांना न दिसणारं. ओरखडा पडला तरी ते पुन्हा धरतं. म्हणून गंज आत शिरत नाही, आणि शरीर त्याला परकं मानत नाही. पूर्वी साधे खिळे घालून बघितले लोकांनी. ते सडले, माणसंही गेली. हे नवीन पोलाद आल्यापासून हे काम जमायला लागलं."

मी म्हणालो, "मला ताकात टाकून बघायचंय."

तो हसला, पण त्यानं दिलं. डोकं झिजलेला, कुणाच्या अंगात घालायच्या कामाचा न राहिलेला एक स्क्रू, त्याच धातूचा. नामदेवनं बाहेरून आंबट ताक आणलं, त्यात मी भरपूर मीठ घातलं. एका पेल्यात तो स्क्रू आणि दुसऱ्या पेल्यात खोक्याचा उपटलेला साधा खिळा. दोन्ही पेले उशाशी ठेवले. आमच्या वार्डाच्या सिस्टर मालवणकडच्या होत्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

"आबा, हे हॉस्पिटल आहे की ताकाचं दुकान?"

"धातू पारखतोय, बाई."

"पारखा. पण ते सांडलं तर पुसायला तुम्हालाच उठवीन."

हाड ताणून ठेवायला पायाला वजन बांधलं होतं, त्यामुळं मला तसंही कुठं जायचं नव्हतं. मी पेले बघत पडलो. साध्या खिळ्याचं ताक काळं पडलं, शाईगत. दुसरं ताक नासलं, हिरवट झालं, पण स्क्रू पुसून घेतला तर नवीन नथीसारखा. डॉक्टर बघायला आला. म्हणाला, "कारखान्यात हीच परीक्षा करतात. फक्त तिथं ताक नसतं. झाली खात्री?"

"ताकाची झाली. आता माझी बघा."

मग मनात होतं ते विचारून टाकलं. "डॉक्टर, माझी बायको अशीच पडली व्हती. तवा ह्यो खिळा व्हता का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "होता, आबा. परदेशात होता, मुंबईतही आला होता. इथं आम्ही तेव्हा नुकते शिकत होतो. सगळ्यांना देता येईल एवढा नव्हता."

तो खोटं बोलला असता तर मला राग आला असता. खरं बोलला, म्हणून नुसतं दुखलं. धातू कुठंतरी जन्मतो आणि गावापर्यंत यायला त्याला वेळ लागतो. तो वाटेत होता आणि ती थांबू शकली नाही. यात कुणाची चूक काढावी म्हटलं तर मला सापडत नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो.

वार्डात

ज्यांना असं पडून राहायचंय त्यांना एक सांगतो. भांडं घ्यायची लाज वाटते, फार वाटते. मी पहिल्यांदा अडवून धरलं आणि पोट फुगवून बसलो. सिस्टर म्हणाल्या, "आबा, सकाळपासून एवढ्या जणांचं केलं, तुमचंच काय सोन्याचं आहे?" मला हसू फुटलं आणि हसताना सगळं मोकळं झालं. लाज तिथंच संपली. तुम्ही अडवून धरू नका.

दुसरं, घरच्यांचं. नामदेव माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहायचा. ऊस तोडणीला आलेला, गडी माणसं खोळंबलेली, सून एकटी. तो दिवसेंदिवस चिडचिडा व्हायला लागला. मी म्हणालो, "जा की रं, हितं काय माझी राखण करतोस? मी काय पळून जातोय?"

"तुमी गप पडा."

"ऊस वाळंल."

"वाळू दे. आईच्या टायमाला मी नुसता हुबा राहिलो. आता मला काय कराय येतंय ते करू द्या."

मग तो खाली जाऊन पेरू घेऊन आला. मीठ लावून निम्मा निम्मा खाल्ला.

खिळा घालायच्या दिवशी पाठीच्या मणक्यात सुई दिली. कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही, पण डोकं जागं होतं. पडद्याच्या पलीकडं हातोडीचा आवाज यायला लागला. ठक, ठक, आणि मध्येच थांबून फोटो. मग पुन्हा ठक. माझ्याच हाडात ठोकतायत आणि मला नुसतं ऐकू येतंय, जसा शेजारी लोहार. मला राहवेना.

"नीट बसला का?"

पलीकडून डॉक्टर म्हणाला, "आबा, तुमचं लक्ष काहिलीकडं असतं तसं माझं इथं आहे. बोलू नका."

मी गप्प बसलो. असं उत्तर देणारा माणूस काम नीट करतो.

नंतर ताप आला. तेव्हा मात्र मी भ्यालो. वाटलं, ताकाला जे सोसलं ते रक्ताला सोसलं नाही. पेनिसिलिनच्या सुया टोचून टोचून बूड चाळणीसारखं झालं आणि एका सकाळी ताप गेला. अंगाला घाम आला आणि भूक लागली. जखमेला पू झाला नाही. खिळा आत शांत बसला होता.

मग एके दिवशी काखेत कुबड्या देऊन मला उभं केलं. दुखरा पाय टेकवायचा नाही, नुसता लोंबता ठेवायचा. इतके दिवस मी छत बघत होतो, खिडकी नुसती आभाळाची होती. उभा राहिल्यावर खिडकीतून खालचं दिसलं. एक बाई पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होती. मी तिच्याकडं एवढा वेळ बघत राहिलो की सिस्टर म्हणाल्या, "ओळखीची आहे का?"

म्हटलं, "न्हाय. पण बरी वाटली."

सिस्टरनं एक शिकवलं ते लक्षात ठेवा. पायरी चढताना शहाणा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मी ते खाटेवर पडल्या पडल्या घोकायचो, कारण आमच्या घराचं जोतं उंच आहे. तीन पायऱ्या आणि वर उंबरा. मला तेवढंच चढायचं होतं, पण कुणाच्या हातांवर नाही.

शनिवार

आम्हाला घरी सोडलं आणि पिंपळीत पोचलो तो दिवस शनिवारचा निघाला. माझ्या ते ध्यानात नव्हतं. आक्काच्या होतं.

ती दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सून, सुभद्रा, मागं. मी गाडीतून उतरून कुबड्यांवर उभा राहिलो. आक्कानं माझ्यावरनं भाकरतुकडा उतरून टाकला, पायावर पाणी घातलं, माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि मग उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"शिरपा, तुला आज घरात येता यायचं न्हाय."

नामदेव म्हणाला, "आत्या, काय बोलतीस?"

"आज शनवार. शनवारी लोखंड घरात आणत न्हाईत. ह्याच्या मांडीत लोखंड हाय. उद्या येऊ दे. आजच्या दिवस गोठ्यात बाज टाकते."

नामदेवचा पारा चढला. "पुण्याहून मरत मरत आणलंय त्यास्नी, आन गोठ्यात बसवू?"

"तू बोलू नगंस. त्या बारीला तूच शनवारी नवी पहार घरात आणलीस. मी नगं म्हणत व्हते. आठवडा भरला न्हाय, तुझी आई पडली." तिनं चौकटीला हात टेकला. "आता ह्यो एकच राहिलाय माझा."

नामदेव खाली बघायला लागला. मला आक्काचा राग आला नाही. तीच ती, जिनं नामदेवच्या आईच्या जखमा धुतल्या होत्या. तिला वाटलं तेवढं तिनं धरून ठेवलं होतं, मी कोपऱ्याचं धरून ठेवलं होतं तसंच. मी म्हणालो, "टाक बाज लिंबाखाली. वारं खातो."

तर मी लिंबाखाली बसलो, माझ्याच घरासमोर, पाहुण्यासारखा. सुभद्रानं तिथंच ताट आणून दिलं. "मामंजी, वांग्याची भाजी केलीया." इतक्या दिवसांनी घरची भाकरी. मला तर मजाच वाटायला लागली होती.

गिरणीवाला दगडूतात्या बघायला आला. आमचं दोघांचं लहानपणापासून जमतं.

"काय आबा, गाभण हायेस का? भाईर बांधलाय."

मी सगळं सांगितलं. तात्या म्हणाला, "मेल्यावर तरी शनवारी चालंल न्हवं? तवा आत आणायचं न्हाय, भाईर न्हेयाचं असतंय."

दारातून आक्का ओरडली, "तुझं तोंड धू, मेल्या."

"धुतो आक्का. पर ते लोखंडच हाय कशावरनं? माझ्याकडं चुंबक हाय. दळणात खिळा-टाचणी आली तर दगड फुटतोय, म्हणून पेठंतनं आणलाय. लोखंड असंल तर त्यो सोडायचा न्हाय."

तो गिरणीतून चुंबक घेऊन आला, घोड्याच्या नालासारखा. आक्का पायरी उतरून खाली आली. तात्यानं आधी विळ्याला लावला, विळा टचकन चिकटला. गाडीच्या चाकाच्या धावेला लावला, ओढून काढावा लागला. मग मी खिशातला स्क्रू काढून बाजेवर ठेवला, ताकातून निघालेला. तात्यानं चुंबक वर नेला, खाली आणला, टेकवला. स्क्रू जागचा हलला नाही.

"त्याचं राहू दे," आक्का म्हणाली. "मांडीला लाव."

मांडीला लावला. गार लागला. हात काढल्यावर घरंगळून बाजेवर पडला.

तात्या म्हणाला, "झालं. लोखंड न्हाय."

आता मला तिथंच गप्प बसता आलं असतं. पण आक्कानं जन्मभर मला खोटं सांगितलं नाही, मीही तिला सांगितलं नाही. म्हणालो, "आक्का, त्यात लोखंड हाय. डॉक्टर सोता म्हणाला. दुसरे धातू मिसळलेत, म्हणून चुंबकाला ते लागत न्हाय."

तात्यानं कपाळाला हात लावला. नामदेवनं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, हा मला पुन्हा पुण्याला सोडून येतोय.

आक्कानं स्क्रू उचलला. उन्हात धरला, नखानं खरवडला, जिभेला लावून बघितला. मग स्क्रू माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली,

"चुंबकाला ज्यातलं लोखंड घावंना, ते शनीला कुठनं घावतंय? चल, ऊठ."

नामदेव मला उचलायला पुढं आला. मी कुबडी त्याच्या पुढं आडवी धरली. शहाणा पाय आधी. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. उंबऱ्यापाशी दम घेतला. मग शहाणा पाय पलीकडं, मागनं कुबड्या आणि त्यांच्यामधनं दुखरा. आत गेलो.

माझी बाज उजव्या कोपऱ्यात टाकलेली नव्हती. तिथं आक्कानं धान्याची कणगी आणून ठेवली होती आणि बाज खिडकीपाशी होती. मी तिला कधी काही बोललो नव्हतो. तिला कळलं होतं.

पुढचं थोडक्यात. हाड जुळलं. कुबड्या गेल्या, काठी आली. उजवा पाय बोटभर आखूड झालाय, म्हणून त्या वहाणेला चांभाराकडून जास्तीचा तळ लावून घेतला. थंडीत खुबा ठणकतो. खाली मांडी घालून बसता येत नाही, गुऱ्हाळावर मला स्टूल देतात. आता बराच ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळं थोडी राहिलीत, पण जिथं आहेत तिथं काहील उतरवायला मला बोलावतात. इंदापूरच्या त्या हाडवैद्याला गुळाची ढेप पाठवली.

पण त्या शनिवारचं राहिलं. आत गेलो, बाजेला हात लावला आणि परत फिरलो. दाराच्या चौकटीला धरून हळूच उंबऱ्यावर बसलो. जोतं उंच असल्यानं पाय खालच्या पायरीवर येतात, खुर्चीसारखं बसता येतं. तिथून सगळा रस्ता दिसतो. गाड्या, कन्हेरी गावाकडं जाणारी माणसं, कालव्याच्या कडेची बाभळ. तिला एवढंच बघायचं होतं. मी तिच्या वाटचंही बघितलं.

मागं आक्काची पावलं वाजली. उंबऱ्यावर बसू नये, हे ती आता म्हणणार म्हणून मी वाट बघत राहिलो. ती आत गेली आणि चहाच्या दोन कपबशा घेऊन आली.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली.